दुव्यांच्या मागे जाताना वाट कशी राखावी: ज्ञानकोशातून म्यानमारचं राजकारण वाचण्याची पद्धत

म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता का घेतली हे समजून घ्यायचं म्हणून माणूस विकिपीडियावर २०२१ च्या सत्तापालटाची नोंद उघडतो. तिथून लोकशाहीवादी नेत्या आँग सान सू ची, तिथून त्यांचे वडील आणि स्वातंत्र्यलढ्यातले नेते आँग सान, तिथून जपानी सैन्य, मग आझाद हिंद सेना, मग इंफाळची लढाई. तासाभराने तो दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांची यादी वाचत बसलेला असतो आणि मूळ प्रश्न पहिल्या पानावर तसाच पडलेला असतो. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे, एम.ए.चे विद्यार्थी, नुसत्या हौसेने वाचणारे, सगळ्यांचं म्हणणं एकच: वाचलं खूप, पण विचारलं तर सांगता येत नाही.

याचं कारण साधं आहे. ज्ञानकोशातला दुवा एवढंच सांगतो की या शब्दाची वेगळी नोंद उपलब्ध आहे. दोन नोंदींमधलं नातं कारणाचं आहे, नुसत्या काळाचं आहे की लेखकाने जाता जाता उल्लेख केला म्हणून जुळलेलं आहे, हे दुवा सांगत नाही. ते वाचकाने ठरवायचं असतं, आणि तेही पुढची नोंद उघडण्याआधी. खालची सगळी पद्धत या एका गोष्टीभोवती आहे. उदाहरण एकच घेतलं आहे, म्यानमार, १९४७ ते २०२१. थायलंड, श्रीलंका किंवा कोरियासाठीही टप्पे हेच राहतील, फक्त नावं बदलतील.

## तयारी

कागदाची वही घ्या. संगणकावरच टिपणं काढायला गेलात तर ती उघड्या टॅबांच्या गर्दीत हरवतात. पानाला चार रकाने आखा: साल, काय घडलं, कुठल्या नोंदीत वाचलं, आणि आधीच्या ओळीशी संबंध. शेवटचा रकाना सगळ्यात रुंद ठेवा. बहुतेकांचा तोच रिकामा राहतो.

दुसरी गोष्ट नकाशा. म्यानमारची सात राज्यं आणि सात प्रांत दाखवणारा राजकीय नकाशा समोर हवा. मधोमध इरावतीच्या खोऱ्यात बमार लोकांची बहुसंख्या, आणि कडेकडेने काचिन, शान, कायाह, कायिन, मोन, राखाइन, चिन ही राज्यं. हे डोळ्यांसमोर नसेल तर १९४७ च्या पांगलाँग कराराची (आँग सान आणि कडेच्या राज्यांचे नेते यांच्यातल्या) नोंद वाचून हाती काहीच लागत नाही. नावं पाठ होतील, भांडण कशाचं आहे ते कळणार नाही.

## टप्पा १: प्रश्न लिहून काढा

‘म्यानमारचा इतिहास’ हा विषय झाला. प्रश्नात एक साल हवं, काहीतरी करणारा कुणीतरी हवा आणि न जुळणारी एखादी गोष्ट हवी. आपला प्रश्न असा:

२००८ च्या राज्यघटनेने संसदेतल्या २५ टक्के जागा लष्कराला दिल्या होत्या. संरक्षण, गृह आणि सीमा ही तिन्ही खाती लष्कराच्याच हातात होती. मग १ फेब्रुवारी २०२१ ला उरलेली सत्ता हिसकावून घ्यायची गरज का पडली?

हा प्रश्न पानाच्या डोक्यावर लिहा. पुढे प्रत्येक दुव्यापाशी त्याच्याकडे परत यायचं आहे.

तपासणी: ‘सविस्तर माहिती द्या’ असं म्हणून प्रश्नाचं उत्तर देता येत असेल, तर प्रश्न अजून नीट झालेला नाही.

## टप्पा २: नावांची यादी करा

हा टप्पा लोक हमखास गाळतात आणि मग एकाच माणसाला तीन माणसं समजतात.

देशाचं नाव मराठीत ब्रह्मदेश, बर्मा, म्यानमार, म्यानमा अशा चारही रूपांत सापडतं. लष्करी सरकारने १९८९ मध्ये देशाचं आणि शहरांचं इंग्रजी नाव बदललं. रंगूनचं यांगून झालं, अराकानचं राखाइन, करेनचं कायिन. शोध घेताना जुनं आणि नवं, दोन्ही रूपं टाकून पाहा. सू ची यांच्या नावाचं मराठी लेखन तर दर वर्तमानपत्रात वेगळं: स्यू की, सू की, सू ची, सू क्यी. एका रूपाने नोंद मिळाली नाही म्हणजे ती नाहीच, असं धरून चालू नका.

माणसांच्या बाबतीत एक गोष्ट आधीच पक्की करा: बमार नावांत आडनाव नसतं. ऊ, डॉ (डॉक्टर नव्हे), बो, थाकिन या उपाध्या आहेत. स्वतंत्र देशाचे पहिले पंतप्रधान ऊ नू आणि स्वातंत्र्यलढ्यातले थाकिन नू एकच. १९६२ ला सत्ता घेणारे जनरल ने विन यांचं मूळ नाव शू माँग. ‘आँग’ हा शब्द बऱ्याच नावांत येतो. तेवढ्यावरून नातं जोडू नका. सू ची यांच्या नावात वडिलांचं नाव आहे ते मुद्दाम ठेवलेलं आहे, रिवाज म्हणून नाही.

संस्थांची नावंही बदलत गेली. १९८८ ला सत्तेवर आलेल्या राज्य कायदा व सुव्यवस्था पुनःस्थापना परिषदेचं, म्हणजे ‘स्लॉर्क’चं, १९९७ मध्ये राज्य शांतता व विकास परिषद असं नामांतर झालं. सर्वोच्च पदावर लष्करशहा थान श्वेच राहिले. दोन वेगळी सरकारं समजून वेगवेगळ्या ओळी लिहिल्यात तर पुढची सगळी साखळी वाकडी होते.

सावधान: दुव्यावर दिसणारा शब्द आणि उघडणारी नोंद वेगळी असू शकते. वाक्यात नुसतं ‘लष्करी सरकार’ लिहिलेलं असतं आणि दाबल्यावर कुठल्या तरी एका विशिष्ट परिषदेची नोंद उघडते. वहीत उघडलेल्या नोंदीचं शीर्षक लिहा, दाबलेला शब्द नको.

## टप्पा ३: पहिली नोंद निवडा आणि तिचं वय पाहा

देशाच्या नावाची नोंद पहिली उघडू नका. तिच्यात भूगोल, पिकं, नाणं, खेळ सगळं असतं आणि दुव्यांची संख्या शेकड्यांत जाते. चरित्राची नोंदही पहिली नको. तिच्यामुळे सगळा इतिहास एका माणसाभोवती फिरू लागतो, आणि सू ची यांच्या बाबतीत हा मोह फार मोठा आहे. घडलेल्या एखाद्या घटनेची किंवा कायद्याची नोंद सर्वांत बरी. आपल्या प्रश्नासाठी दोन दारं आहेत, २०२१ चा सत्तापालट आणि २००८ ची राज्यघटना. पहिल्यातून आत शिरा, कारण प्रश्न तिथला आहे.

आता नोंदीचं वय. मराठी विश्वकोशात हा देश ‘ब्रह्मदेश’ या नावाखाली शोधा. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली आला आणि पुढचे खंड जवळपास चार दशकं येत राहिले. त्यामुळे कुठलीही नोंद वाचण्याआधी त्या खंडाचं प्रकाशनसाल वहीत उतरवा. त्या सालानंतरचं राजकारण तिथे असणार नाही, पण वसाहतकाळ, भूगोल आणि वांशिक गट यांसाठी ती भाषा आजही उपयोगाची आहे. केतकरांचा ज्ञानकोश त्याहून जुना, १९२० च्या दशकातला. तेव्हा ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता. तो वेगळा झाला १ एप्रिल १९३७ ला. हे विसरून तिथली माहिती आजच्या सीमांवर बसवली की घोळ होतो.

विकिपीडियावर वय वेगळ्या तऱ्हेने मोजायचं. ‘इतिहास पहा’ दाबून शेवटचा मोठा बदल केव्हाचा आहे ते पाहा. मराठी विकिपीडियावरच्या कित्येक नोंदी एकदा लिहून झाल्यावर कुणी हातच लावलेला नसतो. २०१५ च्या निवडणुकीपाशी थांबलेली नोंद वाचून देशात लोकशाही आली असा निष्कर्ष काढणारे भेटतात. वाचलेलं खरंच असतं, फक्त अर्धवट.

## टप्पा ४: पहिलं वाचन दुवा न दाबता

नोंद वरपासून खालपर्यंत एकदा वाचा. एकही दुवा दाबायचा नाही. उजवीकडची माहितीचौकट शेवटी वाचा. तिथे ‘परिणाम’, ‘नेते’, ‘कालावधी’ असे रकाने असतात आणि चार वर्षांचा वाद एका शब्दात उरकलेला असतो.

‘पार्श्वभूमी’ हा भाग असेल तर तो दोनदा वाचा. आपल्याला लागणारे दुवे बहुतेक तिथेच असतात. नोंदीच्या शेवटी ‘हेही पाहा’ म्हणून जी यादी येते, तिचा आत्ता विचार करू नका. ती कुणीही कशीही वाढवलेली असते.

वाचून झालं की वहीत पहिली ओळ. आपल्या उदाहरणात ती साधारण अशी होईल: ८ नोव्हेंबर २०२० च्या निवडणुकीत सू ची यांच्या नॅशनल लीग फॉर डेमोक्रसी पक्षाने, म्हणजे एनएलडीने, निवडून द्यायच्या ४७६ जागांपैकी ३९६ जिंकल्या, लष्कराला जवळच्या पक्षाला ३३ मिळाल्या. लष्कराने मतदारयाद्यांवर आक्षेप घेतला, निवडणूक आयोगाने तो फेटाळला. नवी संसद १ फेब्रुवारीला भरायची होती. त्याच पहाटे अटकसत्र झालं आणि सरसेनापती मिन आँग लाइंग यांनी सत्ता घेतली.

## टप्पा ५: दुव्यांचे तीन ढीग

आता नोंदीतल्या दुव्यांची छाननी. पहिला ढीग कारणाचा: हा दुवा नसता तर घटना अशी घडली नसती. दुसरा ढीग संदर्भाचा: समजायला मदत होते, पण यानेच घडलं असं नाही. तिसरा ढीग उल्लेखाचा.

२००८ ची राज्यघटना कारणात जाते. रोहिंग्या प्रश्न या प्रश्नापुरता संदर्भात, जरी तो स्वतः प्रचंड मोठा असला तरी. तीन बोटांची सलामी, जी निदर्शकांनी थायलंडकडून उचलली आणि तिथे ती एका चित्रपटातून आली, ती उल्लेखात. (लोक नेमकी तीच आधी उघडतात. रंगीत छायाचित्रं असतात.)

कारणाच्या ढिगात तीनपेक्षा जास्त दुवे आले तर छाननी सैल झाली असं समजा. पुन्हा करा.

तपासणी: कारणाच्या ढिगातल्या प्रत्येक दुव्यापुढे ‘कारण’ हा शब्द वापरून एक वाक्य लिहा. वाक्य जमत नसेल तर दुवा दुसऱ्या ढिगात टाका.

## टप्पा ६: मागे मागे चालत जा

मुख्य काम इथे आहे. प्रत्येक पायरीवर एकच दुवा निवडायचा, काळात मागे जायचं, आणि पोचल्यावर नातं लिहायचं.

२०२१ वरून २००८ वर. राज्यघटनेच्या नोंदीत सगळे २५ टक्क्यांपाशी अडकतात. तो आकडा महत्त्वाचा आहे, कारण घटनेत बदल करायला ७५ टक्क्यांहून जास्त मतं लागतात, म्हणजे लष्कराच्या संमतीशिवाय बदल नाही. मार्च २०२० मध्ये लष्कराच्या जागा टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा एनएलडीचा प्रस्ताव याच अटीवर पडला. पण आपल्या प्रश्नाचं उत्तर त्याच नोंदीच्या दुसऱ्या भागात आहे: राष्ट्राध्यक्ष निवडण्याची पद्धत. दोन्ही सभागृहांतले निवडून आलेले सदस्य आपापला एक उमेदवार देतात, लष्करी सदस्य तिसरा. मग सगळी संसद मतदान करते. एक जण राष्ट्राध्यक्ष होतो आणि उरलेले दोघे उपराष्ट्राध्यक्ष. म्हणजे २५ टक्क्यांत घटनादुरुस्ती अडवता येते, राष्ट्राध्यक्ष बसवता येत नाही. त्यासाठी निवडणुकीत बऱ्यापैकी जागा याव्या लागतात, आणि त्या २०१५ ला आल्या नाहीत, २०२० ला तर आणखी घटल्या. शिवाय मिन आँग लाइंग जुलै २०२१ मध्ये ६५ वर्षांचे होऊन निवृत्त व्हायचे होते.

त्याच पद्धतीतला दुसरा धागाही पकडा. लष्कराच्या वाट्याचे उपराष्ट्राध्यक्ष होते म्यिंट स्वे. १ फेब्रुवारीला राष्ट्राध्यक्ष विन म्यिंट यांना ताब्यात घेतल्यावर हेच कार्यकारी राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांनी आणीबाणी जाहीर केली आणि घटनेतल्याच तरतुदीवर बोट ठेवून सत्ता सरसेनापतींकडे सोपवली. नुसती २०२१ ची नोंद वाचली तर हे नाव ओझरतं येऊन जातं. २००८ ची नोंद वाचून परत आलात की ते डोळ्यांत भरतं. म्हणून नियम असा: मागची नोंद वाचून झाली की पुढच्या नोंदीचा संबंधित परिच्छेद पुन्हा एकदा वाचायचाच.

२००८ वरून १९९० वर. इथे दुव्यांनी जाणारे घसरतात. २००८ च्या नोंदीत नर्गिस चक्रीवादळाचा दुवा ठळक असतो. वादळ २ मे २००८ ला आलं, सव्वा लाखाहून जास्त लोक मेले किंवा बेपत्ता झाले, आणि सार्वमत १० मे रोजी ठरल्याप्रमाणे घेतलं गेलं. फक्त सर्वांत जास्त फटका बसलेल्या भागात ते २४ मेपर्यंत पुढे ढकललं. गोष्ट संतापजनक आहे, पण घटना का लिहिली गेली याचं उत्तर वादळात नाही. ते १९९० मध्ये आहे.

२७ मे १९९० च्या निवडणुकीत एनएलडीला ४८५ पैकी ३९२ जागा मिळाल्या. सू ची तेव्हा नजरकैदेत होत्या, जुलै १९८९ पासून. लष्कराने संसद बोलावलीच नाही. ‘निवडणूक रद्द केली’ असं वाक्य सगळीकडे आढळतं, आणि इथेच साखळी तुटते, कारण लष्कराने जुलै १९९० मध्ये जे जाहीर केलं ते वेगळं होतं: निवडून आलेल्यांचं काम आधी नवी घटना तयार करण्याचं आहे. त्यातून १९९३ मध्ये राष्ट्रीय अधिवेशन भरलं. १९९५ मध्ये एनएलडी त्यातून बाहेर पडली, १९९६ मध्ये ते थांबलं, २००४ मध्ये पुन्हा सुरू झालं, २००७ मध्ये संपलं. त्याचा मसुदा म्हणजे २००८ ची घटना. १९९० आणि २००८ यांना जोडणारी नोंद या राष्ट्रीय अधिवेशनाचीच आहे, पण तिच्यावर छायाचित्रं नाहीत, नायक नाहीत, म्हणून कुणी जात नाही.

असा मधला टप्पा सापडत नसेल तर विकिपीडियाच्या साधनांमधलं ‘येथे काय जोडले आहे’ वापरा. दोन्ही नोंदींसाठी ती यादी काढा. दोन्हीकडे येणाऱ्या नावांत तुमचा पूल बहुधा असतो.

१९९० वरून १९८८ वर. ही पायरी सोपी आहे, पटकन उरका. सप्टेंबर १९८७ मध्ये ने विन यांच्या राजवटीने २५, ३५ आणि ७५ क्याटच्या नोटा मोबदला न देता बाद केल्या आणि लोकांची बचत गेली. मार्च १९८८ मध्ये रंगूनच्या एका चहाच्या दुकानातल्या मारामारीवरून विद्यार्थ्यांची निदर्शनं सुरू झाली, जुलैत ने विन यांनी पक्षाचं अध्यक्षपद सोडलं, ८ ऑगस्टला देशभर उठाव झाला, १८ सप्टेंबरला लष्कराने पुन्हा सत्ता घेतली आणि निवडणुकीचं आश्वासन दिलं. सू ची एप्रिलमध्ये आजारी आईसाठी परत आल्या होत्या. उठाव त्यांनी सुरू केलेला नाही. चरित्रापासून सुरुवात करणाऱ्यांच्या उत्तरात मात्र तसंच येतं.

१९८८ वरून १९६२ वर. २ मार्च १९६२ चा सत्तापालट. ‘समाजवाद आणण्यासाठी’ असं कारण लिहून लोक मोकळे होतात. तारीख बघा आणि त्याआधीचा महिना शोधा. फेब्रुवारी १९६२ मध्ये रंगूनमध्ये शान आणि इतर राज्यांचे नेते संघराज्याला जास्त अधिकार मिळावेत यासाठी बैठक घेत होते. ने विन यांनी पंतप्रधान ऊ नू यांच्याबरोबर त्या नेत्यांनाही पकडलं. देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष साओ श्वे थाइक त्याच वर्षी कोठडीत वारले. देश फुटू नये म्हणून आपण, हा लष्कराचा दावा इथून पुढे प्रत्येक टप्प्यावर भेटतो, २००८ च्या घटनेतही.

१९६२ वरून १९४७ वर. १२ फेब्रुवारी १९४७ चा पांगलाँग करार. आँग सान आणि शान, काचिन, चिन नेत्यांनी एकत्र येऊन स्वातंत्र्य मिळवायचं ठरवलं. करारावर करेन लोकांची सही नाही, हे नोंदीत एका ओळीत येतं; ती ओळ अधोरेखित करा. १९ जुलै १९४७ ला आँग सान यांची हत्या झाली. सप्टेंबरमध्ये मंजूर झालेल्या घटनेने शान आणि करेन्नी (आजचं कायाह) राज्यांना दहा वर्षांनंतर संघातून बाहेर पडण्याचा हक्क दिला. स्वातंत्र्य ४ जानेवारी १९४८ चं. त्यात दहा मिळवा. १९५८. त्याच साली ऑक्टोबरमध्ये ने विन पहिल्यांदा, काळजीवाहू म्हणून, सत्तेवर आले. निव्वळ त्या हक्कामुळे आले असं म्हणता येणार नाही. सत्ताधारी पक्ष फुटला होता. पण दोन्ही गोष्टी एकाच पानावर लिहिल्याशिवाय १९६२ समजत नाही.

सावधान: वहीत ‘त्यामुळे’ लिहिण्याआधी दोनदा विचार करा. शंका असेल तर ‘त्याच काळात’ लिहा आणि पुढे प्रश्नचिन्ह ठेवा.

## टप्पा ७: आडव्या वाटा कधी घ्यायच्या

शेजारी देशांच्या नोंदी वाईट नाहीत, वेळ चुकली की वाईट. मुख्य साखळी शेवटपर्यंत गेल्याशिवाय आडवं जायचं नाही, आणि गेलं तर एका पायरीत परत यायचं.

उपयोगी आडवी वाट म्हणजे चीन. १९४९ मध्ये कम्युनिस्ट जिंकल्यावर कुओमिंतांग या राष्ट्रवादी पक्षाचे पराभूत सैनिक युन्नानमधून शान राज्यात उतरले. ब्रह्मदेशाने १९५३ मध्ये संयुक्त राष्ट्रांत तक्रार केली. शान टेकड्यांत लष्कराचा तळ आणि अधिकार का वाढला, हे कोडं याने सुटतं. त्याच काळात, १९४९ पासून, करेन बंड चालू होतं, आणि त्याच वर्षी करेन सेनाप्रमुखाच्या जागी ने विन आले होते. एवढं घेऊन परत या.

निरुपयोगी आडवी वाट तारखेवरून निघते. ८ ऑगस्ट १९८८ शोधताना ८ ऑगस्ट १९६७ ला बँकॉकमध्ये आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेची स्थापना झाली हे दिसतं. योगायोग आहे, संबंध नाही. म्यानमार आसियानमध्ये आला जुलै १९९७ मध्ये, आणि ती नोंद वेगळ्या प्रश्नासाठी वाचायची.

मराठी वाचकाची खास आडवी वाट म्हणजे मंडाले. तिथून लोकमान्य टिळकांचा १९०८ ते १९१४ चा तुरुंगवास, किंवा उलट्या दिशेने ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा आणि रत्नागिरीचा थिबा राजवाडा. वाट रम्य आहे आणि मी कुणाला अडवणार नाही. पण आपल्या प्रश्नाला त्यातली एकच गोष्ट लागते. १८८५ ला थिबाला पदच्युत करून इंग्रजांनी राजेशाही मोडली, देश हिंदुस्थानला जोडला, आणि पुढे सैन्यात बमारांपेक्षा करेन, काचिन, चिन यांची भरती जास्त केली. १९४७ मध्ये एकमेकांवर अविश्वास का होता, याचा एक पदर तिथे आहे. रत्नागिरीहून पांगलाँगला जायचं असेल तर भरतीच्या नोंदीवरून जा, राजकन्यांच्या प्रेमकथेवरून नको.

## टप्पा ८: वादाच्या नोंदी वेगळ्या हाताळा

काही नोंदी वाचण्याची रीतच निराळी. रोहिंग्या हे सर्वांत ठळक उदाहरण. म्यानमार सरकार हे नावच मान्य करत नाही, त्यांना ‘बंगाली’ म्हणतं. म्हणजे शीर्षकापासूनच बाजू ठरते. अशा ठिकाणी चार गोष्टी करा.

‘चर्चा’ पान उघडा आणि भांडण कशावर आहे ते पाहा. बहुधा ते नाव, आकडे आणि आरंभाची तारीख यांवर असतं.

इंग्रजी, बंगाली आणि बर्मी आवृत्तीतला फक्त पहिला परिच्छेद यंत्रभाषांतराने वाचा. सगळी नोंद नको, भाषांतरात बारकावे पार बदलतात. कोणती तारीख आरंभ म्हणून घेतली आहे एवढं टिपा. एखादी नोंद १९८२ च्या नागरिकत्व कायद्यापासून सुरू होईल, दुसरी २५ ऑगस्ट २०१७ च्या पोलिस चौक्यांवरच्या हल्ल्यांपासून, तिसरी त्यानंतर बांगलादेशात गेलेल्या सात लाखांहून अधिक लोकांपासून. आरंभ बदलला की दोष बदलतो.

आकडा घेताना कुणी मोजला ते आकड्याच्या शेजारी लिहा: सरकार, संयुक्त राष्ट्रं, की स्वयंसेवी संस्था.

न्यायालयीन नोंद असेल तर टप्पा तपासा. गांबियाने नोव्हेंबर २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात खटला भरला आणि २३ जानेवारी २०२० ला न्यायालयाने संरक्षणाचे अंतरिम आदेश दिले. हा अंतिम निकाल नव्हे. परीक्षेच्या टिपणांत तो अंतिम निकाल म्हणून सर्रास छापलेला दिसतो.

सावधान: दोन संकेतस्थळांवर तेच वाक्य सापडलं म्हणून ते पक्कं झालं असं नाही. एकाने दुसऱ्यावरून उचललेलं असतं. वाक्यरचना सारखी दिसली तर दोन्ही मिळून पुरावा एकच धरा.

## टप्पा ९: जुन्याकडून नव्याकडे लिहून पाहा

आतापर्यंत मागे चालत आलात. आता वही मिटा आणि १९४७ पासून पुढे एका पानात लिहा. दुवे नाहीत, टॅब नाहीत. जिथे लेखणी अडेल तिथे साखळी कच्ची आहे. फक्त तेवढीच नोंद पुन्हा उघडा.

लिहून झाल्यावर लाल शाईने तीन खुणा करा. ‘मग’ आणि ‘त्यानंतर’ यांना गोल करा, आणि प्रत्येक ठिकाणी ‘त्यामुळे’ बसतं का ते बघा. बसत नसेल तर तसंच ठेवा, पण जाणून ठेवा. ज्या वाक्यात फक्त एका माणसाचं नाव कर्ता आहे तिथे संस्था, कायदा किंवा पक्ष कुठे गेला ते विचारा. आणि पहिल्या टप्प्यातला प्रश्न पुन्हा वाचून उत्तर कोणत्या ओळीत आहे तिथे खूण करा. आपल्या उदाहरणात ती ओळ राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीपाशी यायला हवी, आणि तिचा धागा मागे १९९० च्या निकालापर्यंत दिसायला हवा. दुसरीकडे कुठे आली असेल तर तुमचं बरोबर असू शकतं, पण मधल्या प्रत्येक उडीचं वाक्य वहीत असलं पाहिजे.

उरलेले दुवे, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या ढिगातले, वहीच्या शेवटच्या पानावर उतरवा. २७ ऑक्टोबर २०२३ ला तीन सशस्त्र संघटनांनी उत्तर शान राज्यात सुरू केलेली मोहीम तिथे येईल, सत्तापालटाच्या विरोधकांचं राष्ट्रीय एकता सरकार येईल, आशियाई-आफ्रिकी देशांची १९५५ ची बांडुंग परिषद येईल. त्यातला एखादा पुढच्या खेपेला डोक्यावरचा प्रश्न होईल. तेव्हा नवं पान आखा, याच पानात घुसवू नका.